सतरा वर्षांच्या पोरानं पैसे घेऊन वाइड टाकले, किती शिक्षा द्यावी?

दुधना_काठ

नमस्कार मंडळी. विषय अवघड आहे आणि माझ्या डोक्यात चार दिवसांपासून तेवढंच चालू आहे, त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या.

परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला मी शाळेवर शिक्षक आहे आणि 14 वर्षं झाली, सकाळी पोरांना क्रिकेट शिकवतो. फी नाही. एक नेट आहे, तेच शिवून शिवून वापरतो. हरभरा निघाला की आमच्याकडं टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, आठ ओव्हरची मॅच, पहिलं बक्षीस 51 हजार, मांडव, कॉमेंट्री, आणि तीन-चार वर्षांपासून यूट्यूबवर लाईव्ह. लाईव्ह सुरू झालं तेव्हा आनंद झाला होता, म्हटलं आपली पोरं पुण्या-मुंबईच्या लोकांना दिसतील. पण लाईव्हच्या मागं सट्टा आला. या ओव्हरला किती रन होतील, पुढचा बॉल वाइड पडेल का, असल्या गोष्टींवर पैसे लागायलेत. मांडवाच्या पाठीमागं दोन-चार जण कायम फोन कानाला लावून उभे. सगळ्यांना माहितीय, कुणी बोलत नाही. मी पण बोललो नाही, हे आधीच सांगतो.

माझा एक पोरगा आहे, डावखुरा फास्ट बॉलर, बारावीला. वय सतरा आणि काही महिने. आई-बाप दिवाळीपासून ऊसतोडीला सांगलीकडं गेलेत, घरी हा आणि आजी. सेमीफायनलला तिसरी ओव्हर टाकायला आला, पहिला बॉल टाकला, आणि मग खाली बसून उजव्या बुटाची लेस सोडली नि परत बांधली. सुटलेली नव्हती, मी बाउंड्रीवरून बघत होतो. पुढचे दोन बॉल लेगच्या बाहेर इतके लांब की कीपर हललासुद्धा नाही. मग एक नो बॉल, पाय रेषेच्या वीतभर पुढं. ज्याला मी तीन वर्षं चुन्याची रेघ मारून रनअप मोजायला शिकवलं त्याचा पाय वीतभर पुढं पडत नसतो. मला तिथंच कळलं आणि पोटात खड्डा पडला.

संध्याकाळी घरी बोलावलं. ओरडलो नाही, नुसतं विचारलं लेस कशाला सोडली. पाच मिनिटं गप्प बसला, मग खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या, घामानं ओल्या झालेल्या, चार घड्या घातलेल्या. 1100 रुपये. एकूण 4000 मिळाले होते, दुसऱ्या पोराच्या फोनपेवर आले, कारण याचं खातं नाही. 2200 चे बूट घेतले, बाकी रिचार्ज आणि किरकोळ. पैसे कुणी दिले विचारल्यावर नाव आलं त्याच्याच टीमच्या कॅप्टनचं. कॅप्टन 23 वर्षांचा.

आता स्पर्धेच्या कमिटीत बैठक झाली. पोराला तहहयात बंदी, तसा बोर्ड चौकात लावायचा, आणि बापाकडून 25 हजार दंड घ्यायचा असं चाललंय. त्या ओव्हरचा व्हिडिओ पोराच्या तोंडासकट सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. आणि कॅप्टनबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही कारण पहिलं बक्षीस त्याच्या घरचेच देतात.

मला त्याला मोकळं सोडायचं नाही. शिक्षा झालीच पाहिजे, नाहीतर उरलेल्या तीस पोरांना मी काय तोंड दाखवू. पण मनात सारखा पाकिस्तानचा फास्ट बॉलर मोहम्मद आमिर येतो. 2010 ची लॉर्ड्स टेस्ट, 18 वर्षांचं पोरगं, त्याच मॅचमध्ये सहा विकेट काढलेल्या आणि त्याच मॅचमध्ये पैशासाठी नो बॉल टाकलेले. त्याला पाच वर्षं बंदी झाली, जेल झाली, आणि परत आला. ते बरोबर झालं का चूक? कमी झालं का जास्त? आणि आपल्या गावातल्या पोराला मग किती? रविवारी परत बैठक आहे. मनापासून सांगा.

नांदेड_पॅव्हेलियन

सर, राग मानू नका पण मी कमिटीच्या बाजूनं आहे. दंड आणि बोर्ड सोडा, ते चुकीचंच आहे, पण बंदी कायमची पाहिजे.

मी 20 वर्षं अंपायरिंग करतो. वाइडला हात पसरताना आजकाल माझ्याच मनात येतं की हा खरा वाइड आहे का विकलेला. ही शंका एकदा शिरली की निघत नाही. एखाद्या गरीब पोराचा कॅच खरंच सुटतो, उन्हात डोळ्यावर किरण येतो, आणि मांडवातून लगेच आरोळी येते "किती घेतले रे". त्या पोराचा काय गुन्हा? चोरी एकानं करायची आणि संशय सगळ्यांनी सोसायचा.

2000 साली अझरचं मॅच फिक्सिंगचं प्रकरण निघालं तेव्हा मी कॉलेजला होतो. साउथ आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिएनं कबूल केलं, मग अझरुद्दीनवर बीसीसीआयनं आजन्म बंदी घातली. माझे वडील अझरचे भक्त, त्याच्यासारखी मनगटातून मारलेली फ्लिक कुणाची नाही म्हणायचे. त्यांनी त्या दिवसानंतर क्रिकेट बघणंच सोडलं, 2011 चा वर्ल्डकप आपण जिंकलो तरी उठून बाहेर आले नाहीत. पुढं 2012 ला आंध्र हायकोर्टानं ती बंदी बेकायदेशीर ठरवली, ठीक आहे, कोर्टाचा निकाल आहे. पण वडिलांचा गेलेला विश्वास कुठल्या कोर्टानं परत दिला नाही.

आणि दया दाखवल्यानं काय होतं तेही बघा. पाकिस्तानात 2000 ला मॅच फिक्सिंगच्या चौकशीचा कय्युम अहवाल आला. सलीम मलिकवर आजन्म बंदी आली पण बाकी बऱ्याच मोठ्या नावांना नुसत्या दंडावर सोडलं, ते खेळत राहिले. दहाच वर्षांत लॉर्ड्स घडलं. आमिरसारखी पोरं हेच बघत मोठी झालेली की पकडलं तरी काही होत नाही. मोठ्यांना तेव्हाच बाहेर काढलं असतं तर कदाचित आमिर वाचला असता.

तुमच्या टीममध्ये बाराव्या नंबरवर बसलेलं एक पोरगं असेल ना, ज्याला चान्स मिळाला नाही, पाणी घेऊन पळत होता. त्याचा पण विचार करा. जागा त्याची होती. ती दुसऱ्यानं 4000 ला विकली.

लेगस्टंप_लातूर

अंपायर दादांचं बाराव्या खेळाडूचं म्हणणं मला लागलं, खरं आहे ते. पण एक आठवण करून देतो, लांबची नाही, नागपूरची.

मार्च 2000, नागपूर वनडे. क्रोनिएनं हर्शेल गिब्सला 20 च्या आत आउट व्हायचे 15 हजार डॉलर देऊ केले, आणि हेन्री विल्यम्सला 10 ओव्हरमध्ये 50 च्या वर रन द्यायला सांगितलं. दोघं हो म्हणले. कॅप्टन सांगतोय, नाही कोण म्हणणार. प्रत्यक्षात गिब्सनं 74 मारले आणि विल्यम्स दोन ओव्हरसुद्धा पुऱ्या न टाकता खांदा दुखावून बाहेर गेला. दोघांना सहा महिने बंदी आणि दंड. क्रोनिएला आजन्म. मला हा हिशोब बरोबर वाटतो. ज्याच्या हातात टीम होती, ज्याच्या शब्दावर पोरं उड्या मारत होती, त्यानं जास्त भोगायचं.

लॉर्ड्सला पण तेच. आयसीसीनं कॅप्टन सलमान बटला 10 वर्षं दिली त्यातली 5 स्थगित, आसिफला 7 आणि त्यातली 2 स्थगित, आमिरला 5. म्हणजे हिशोब करा, तिघांना प्रत्यक्षात पाच-पाचच पडली! कॅप्टन 25 वर्षांचा, लंडनच्या एजंटसोबत व्यवहार ठरवणारा, आणि 18 वर्षांचं पोरगं, दोघंही एकाच दिवशी मोकळे. आयसीसीच्या नियमात कमीत कमी शिक्षाच 5 वर्षांची होती, त्यामुळं आमिरला त्याच्या खाली जाता आलं नाही हे समजतं, पण बटला वर जाता येत होतं ना.

तुमच्याकडं तर त्याच्याही पुढची गत आहे सर, कॅप्टनला शून्य आणि पोराला जन्मठेप.

औरंगपुरा_ताई

सर, मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करते. काही गोष्टी रविवारच्या आधी कमिटीच्या कानावर घालाच.

पोरगा 18 च्या आतला आहे, म्हणजे कायद्यानं बालक. प्रकरण पोलिसात गेलं तर ते बाल न्याय मंडळापुढं जातं, आणि बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणं अशा मुलाचं नाव, गाव, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता किंवा दाखवता येत नाही. चौकात बोर्ड लावायची भाषा करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर आहे तिथून आजच काढायला लावा, थांबू नका. आणि बापाकडून 25 हजार घ्यायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? दमदाटी करून असे पैसे घेतले तर उद्या गुन्हा कमिटीवर होईल.

दुसरं, लोकांना वाटतं फिक्सिंग केलं की थेट जेल. आपल्याकडं फिक्सिंगला वेगळा कायदाच नाही. 2016 ला सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीनं सांगितलं की हा गुन्हा ठरवा, 2018 ला विधी आयोगानं सांगितलं, अजून झालं नाही. श्रीलंकेनं 2019 ला कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. आपल्याकडं कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात 2022 ला कर्नाटक हायकोर्ट म्हणालं की यात फसवणुकीचं कलम 420 बसतच नाही, खेळाडूवर कारवाई करायची तर ती क्रिकेट बोर्डानं करावी. सट्टा घेणं हा मात्र आपल्या राज्याच्या जुगारबंदी कायद्यानं गुन्हाच आहे, तो कायदा 1887 पासूनचा आहे. म्हणजे गंमत बघा, नव्हे गंमत कसली, दुःखाची गोष्ट आहे, की मांडवामागं फोन घेऊन उभा असलेला माणूस कायद्याच्या कक्षेत पहिल्यांदा येतो आणि आपण सगळे त्याला सोडून पोराच्या मागं लागलोय.

आजन्म बंदीबद्दल पण बोलते. 2013 च्या आयपीएल फिक्सिंगच्या प्रकरणात श्रीशांत, अंकित चव्हाण, अजित चंदिला यांना अटक झाली. बीसीसीआयनं श्रीशांत आणि चव्हाणला त्याच वर्षी आजन्म बंद केलं, चंदिलाला 2016 ला. मधे 2015 ला दिल्लीच्या कोर्टानं तिघांना आरोपातून मुक्त केलं, बोर्डानं बंदी कायम ठेवली. मग मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कारवाईचा अधिकार बोर्डाचा आहे पण प्रत्येक वेळी सरसकट आजन्मच का, शिक्षा किती द्यायची ते प्रकरण बघून ठरवा. त्यानंतर श्रीशांतची सात वर्षांवर आली, नंतर चव्हाण आणि चंदिलाची पण. यातलं कुणी सतरा वर्षांचं नव्हतं, सगळे जाणते होते. जाणत्यांना सात वर्षांत दार उघडत असेल तर तुमच्या पोराला कधीच नाही, हे कुठल्या न्यायानं?

मला तरी वाटतं लेखी ठरवा. किती दिवस, कशाबद्दल, आणि संपल्यावर काय, हे तिन्ही त्यात पाहिजे. आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याची नोंद करा, आजीला सोबत बसवून.

बालाघाटी

मी इथं फक्त वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहायलोय कारण सरांचं वाचून झोप लागली नाही.

मी बीड जिल्ह्यातला, धारूरकडचा. माझे आई-वडील पण कोयत्याला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादम दसरा-दिवाळीच्या आधी उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, ती फेडायला पाच-सहा महिने ऊस तोडायचा, आणि सहसा ती फिटतच नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते. एकदा उचल घेतली की माणूस बांधला गेला. आजारी पडला तरी जायचं, लग्न असलं तरी जायचं.

सट्टेवाला पण उचलच देतो हो. आधी मॅच झाल्यावर जेवण. मग "बूट फाटलेत रे तुझे, घे". तेव्हा काहीच मागत नाही. मग एक दिवस म्हणतो, एक वाइड तर टाकायचाय, मॅच थोडीच हरणारेत तुम्ही. आणि वाइड टाकून झाला की पुढच्या वेळेला विचारत नाही, सांगतो. कारण आता त्याच्या फोनमध्ये पैसे पाठवल्याचा पुरावा असतो. सतरा वर्षांच्या लेकराला वाटतं मी एक बॉल विकला. त्यानं उचल घेतलेली असते.

मला हे कसं माहीत तर मीच ते पोरगं होतो. 2011 चा हिवाळा, मी कीपर होतो, 18 वर्षांचा. ज्याला आम्ही भैय्या म्हणायचो, ज्यानं मला पहिले ग्लोव्हज दिले, त्यानं एका मॅचमध्ये कॅच सोडायला सांगितला. 1500 रुपये. मिडविकेटकडं उडालेला सोपा कॅच, मी पळत खाली गेलो आणि हात मुद्दाम उशिरा लावले. बॉल हातमोज्याला घासून पडला, तो आवाज अजून येतो कानात. बॉलर माझाच मित्र होता. पळत येऊन पाठीवर थाप मारून म्हणला, जाऊ दे, होतं कधी कधी.

त्याच महिन्यात बातम्यांमध्ये आमिरला लंडनच्या कोर्टात नेताना दाखवायलेत. माझ्याच वयाचा, कोट घातलेला, मान खाली. सहा महिन्यांची शिक्षा झाली, न्यायाधीशांनी निकालात म्हटलं की हा खेड्यातून आलेला, कमी शिकलेला, सहज दबावाखाली येणारा मुलगा आहे, आणि तरी आत पाठवलं. घरात सगळे जेवत होते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मला कुणी पकडलं नाही. कुणी विचारलं नाही. मीच खेळणं सोडलं, कारण सांगितलं की गुडघा दुखतो. आता आडसकडं माझं खता-बियाण्याचं दुकान आहे, बरं चाललंय. पण 2024 ला आपल्या बीडच्या सचिन धसनं अंडर-19 वर्ल्डकपच्या सेमीफायनलला साउथ आफ्रिकेविरुद्ध 96 मारले तेव्हा सगळं बीड नाचत होतं, फटाके वाजत होते, आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो होतो. मी काही तेवढा मोठा खेळाडू झालो नसतो, मला माहितीय. पण मी खेळलो असतो ना. मला शिक्षाच झाली नाही, त्यामुळं ती भोगून संपवायची सोयच राहिली नाही. आमिरची तरी संपली. 2015 च्या सुरुवातीला आयसीसीनं त्याला आधी घरचं क्रिकेट खेळू दिलं, बंदी सप्टेंबरला संपली, 2016 च्या जानेवारीत तो परत पाकिस्तानकडून उतरला. हफीज आणि अझर अली आधी त्याच्यासोबत कॅम्पला यायला तयार नव्हते, ते पण त्यानं सोसलं. 2017 ला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ओव्हलवर आपले रोहित, कोहली, धवन तिघं त्यानंच काढले. भारत हरला, वाईट वाटलंच. पण मला त्या दिवशी रडू आलं ते वेगळ्या कारणानं.

म्हणून सर, त्याला शिक्षा द्या. नक्की द्या. कमी देऊन वाचवू नका. फक्त तिला शेवटची तारीख असू द्या आणि तेवढे दिवस त्याला ग्राउंडवर येऊ द्या, पाणी मारायला, रेघा मारायला, काहीही करायला. घरी बसवलं तर तो फोनवाल्यांकडंच जाईल, कारण तेवढेच त्याला विचारतील.

आणि अजून एक. ज्या मित्राची बॉलिंग होती त्याला मी आज 14-15 वर्षांनी सकाळी फोन केला. सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणला संध्याकाळी दुकानावर येतो. अजून आलेला नाही.

नांदेड_पॅव्हेलियन

बालाघाटी भाऊ, दोनदा वाचलं तुमचं. मी वर जे लिहिलं त्यातलं संशयाचं आणि बाराव्या पोराचं मागं घेत नाही. पण कायमची बंदी हा शब्द मागं घेतो. दोन सीझन. पूर्ण दोन, त्यात एक दिवस सूट नाही. आणि टीमसमोर, विशेष करून त्या बाराव्या पोरासमोर, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. बाहेरच्या कुणापुढं नाही, व्हिडिओ नाही, फक्त टीमपुढं.

इंग्लंडला मर्विन वेस्टफील्ड म्हणून पोरगा होता, एसेक्सचा. 6000 पाउंड घेऊन एका ओव्हरमध्ये जास्त रन द्यायचे ठरले होते. 2012 ला चार महिन्यांची कैद झाली, पाच वर्षं बंदी. त्याला या फंदात ओढणारा त्याचाच सीनियर दानिश कनेरिया, त्याला आजन्म. वेस्टफील्ड नंतर नवीन पोरांपुढं जाऊन स्वतःची चूक सांगायचा. कनेरियाला कबूल करायला 2018 उजाडलं. लहान पोरगं आधी खरं बोललं आणि मोठा माणूस सहा वर्षं नाही म्हणत राहिला, हे मला विसरता येत नाही. तुमच्या पोरानं पाच मिनिटांत नोटा टेबलावर ठेवल्या सर. ते मोजा.

दुधना_काठ

सगळ्यांचे आभार. रविवारची बैठक झाली. सकाळी नऊला बसलो ते दुपारी दीडला उठलो.

ताईंनी लिहिलेलं प्रिंट काढून नेलं होतं. कलम 74 वाचून दाखवल्यावर बोर्डाचा विषय लगेच संपला, दंडाचा पण. व्हिडिओ तीन ग्रुपवरून निघाला, चौथ्याचा ॲडमिन पुण्याला असतो, त्याच्या मागं लागलोय.

पोराला दोन सीझन बंदी. लेखी, तारखेसकट. रोज सकाळी ग्राउंडवर यायचं, पिच झाडायचं, रोलर ओढायचा, छोट्या पोरांना नेटमध्ये बॉल टाकायचे पण मॅच खेळायची नाही. आजी आली होती, नऊवारीचा पदर तोंडाला लावून बसली होती, सही नाही येत म्हणून अंगठा दिला. बापाशी फोनवर बोललो. तो उसाच्या फडातच होता, मागून कोयत्याचे आवाज येत होते. एवढंच म्हणला, सर, मारलं तरी चालेल पण खेळू द्या त्याला.

टीमसमोर सांगायचं काल झालं. बाराव्या पोराकडं बघून बोलला. तो काही म्हणाला नाही, उठून निघून गेला. आज सकाळी नेटला आला, पण याच्या बॉलिंगवर बॅटिंग करायला तयार नाही. मी जबरदस्ती केली नाही. अंपायर दादा, तुम्ही म्हणता तसा त्याचा पण हक्क आहे तो.

कॅप्टनचं मात्र काहीच झालं नाही. मी विषय काढला तर एक जण म्हणाला सर पुरावा काय, पोराच्या बोलण्यावर मोठ्या घरचं नाव घ्यायचं का. मी म्हटलं फोनपेची नोंद आहे, ज्या पोराच्या खात्यावर पैसे आले तो सांगायला तयार आहे. मग सगळे खाली बघायला लागले. पुढच्या वर्षी बक्षीस कोण देणार ही भीती आहे, मला समजतं. पण कॅप्टनला हात लावायचा नसेल तर पुढच्या वर्षी माझी पोरं या स्पर्धेत उतरणार नाहीत आणि मी पण कमिटीत बसणार नाही, एवढं बोलून मी उठलो. घरी आल्यावर बायको म्हणली, बरं केलंत, हे चार वर्षांपूर्वी लाईव्ह सुरू झालं तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. खरंय तिचं.

तेव्हा आता ताईंना एकच विचारायचंय. मांडवामागं फोन घेऊन उभे असणाऱ्यांबद्दल आणि पैसे पाठवणाऱ्याबद्दल मला तक्रार द्यायचीय, पोराचं नाव कुठं न येता. ती आमच्या ठाण्यात द्यावी का थेट परभणीला एसपी ऑफिसला? आणि ज्याच्या फोनपेवर पैसे आले तो पण अजून 18 चा नाही, त्याच्या नोंदीचा कागद जोडला तर तो अडचणीत येईल का? सांगा तसं लिहितो, माझ्या नावानं आणि माझ्या सहीनं.

बालाघाटी भाऊ, तुमचा मित्र दुकानावर आला का?